मूळपुरुष पाहिजे

शुओ, सरकारांच्या राजवटीचं सातवं वर्ष, पाचवा महिना

ती. आक्कास,

शू-काइचा जमिनीला कपाळ टेकून नमस्कार.

बरेच दिवस पत्र नाही म्हणून तू तोंड फुगवून बसली असशील. पण कारण ऐकलंस तर आधी मिठाई वाटशील आणि मग रागावशील. गेले काही महिने मी मेलेल्या माणसांत राहतोय. आमच्या सरकारांना मूळपुरुष पाहिजे होता. तो मी शोधून दिला.

तुला ठाऊकच आहे, सरकारांचे वडील घोडे विकायचे. मुलाने राज्य घेतलं. शेजारची राज्यं तोंडावर 'महाराज, महाराज' करतात आणि पाठ वळली की तोंडाने घोड्याच्या टापांचा आवाज काढतात. मागच्या मेजवानीत हे सरकारांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी मला बोलावलं आणि म्हणाले, "आमच्या घराण्याची वंशावळ लिही. वर कुणीतरी राजा पाहिजे. चांगला जुनाट."

सगळ्या लेखकांतून त्यांनी मलाच निवडलं, आक्का! नोकरी देतानाही असंच केलं होतं. माझं अक्षर पाहिलंसुद्धा नाही, नुसतं 'कुठल्या गावचा, कुणाचा मुलगा' विचारलं आणि नेमलं. माणसाची पारख असावी तर अशी.

मी तीनचार जुने राजे पुढे ठेवले. एकाने पूर अडवला होता, सरकार म्हणाले, ओला माणूस नको. एकाने औषधी झाडपाला चाखला होता, तो जुलाबाने गेला म्हणून नापास. मग मी राजा लेइ काढला, ज्याने जगात पहिल्यांदा घोड्याला लगाम घातला. सरकार हसले! मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. लेइ राजा आणि सरकारांचे वडील यांच्यामध्ये पिढ्या बऱ्याच भरायच्या होत्या. नावं संपली तेव्हा मी आपल्या सुताराचं घातलं, वैद्याचं घातलं आणि एका ठिकाणी आपल्या जुन्या कुत्र्याचंही घातलं. तो इमानी होता, शोभतो.

आता ही वंशावळ काशाच्या मोठ्या हंड्यावर ओतून घेतली आहे. पूर्वजांच्या देवळात हंडा बसला, लेइ राजाची पाटी सगळ्यांच्या वर लागली, चारी दिशांना दवंडी गेली.

तुझ्या लेकीच्या, लानच्या लग्नाचंही ठरल्यासारखंच समज. सरकारांचा धाकटा मुलगा च्यान वसंतात नदीकाठच्या जत्रेत तिला भेटून आल्यापासून जेवताना काड्या उलट्या धरतो. पोरगा गुणी आहे. नकला अशा करतो की दरबारात प्रत्येकाला स्वतःचीच भीती वाटते. सरकारांनी स्थळाला हो म्हणताना एवढंच विचारलं, "मुलीची आई जिवंत आहे का?" मी म्हटलं, आहे, ठणठणीत आहे. ते म्हणाले, "हं." शकुन पाहत असणार.

तुझा,
शू-काइ


लिन, तुतीची पानं तोडायचे दिवस

चि. शू-काइ यास,

तुझं पत्र मिठाच्या व्यापाऱ्याने पाठीवरून उतरवलं आणि तो तिथेच बसला. एवढ्या बांबूच्या पट्ट्यांत माणूस कुंपण घालतो. मी ते खरवडून त्याच पट्ट्यांवर उत्तर लिहिते आहे, तेव्हा मध्येमध्ये तुझी बढाई दिसली तर माझा दोष नाही.

गाढवा, मिठाई कसली वाटू?

लानच्या बापाचं घराणं कोणतं? लो. आणि लो घराण्याचं कूळ कोणतं? आठव. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तूच दाराशी उभा राहून पाठ म्हणून दाखवला होतास आणि लाडू मागितला होतास. पेंग कूळ. आणि तुझा तो लगामवाला लेइ राजा कोणत्या कुळाचा?

आता बस खाली.

एका कुळात लग्न होत नाही हे लिनमधल्या कोंबड्यांनाही माहीत आहे. कालपर्यंत च्यान घोडेवाल्याचा नातू होता आणि माझी लान खुशाल त्याची बायको होऊ शकत होती. तू दवंडी पिटलीस आणि तो तिचा भाऊ झाला! हजार वर्षांपूर्वीचा का होईना, भाऊ.

लानचा बाप गेल्यापासून घर माझे दीर चालवतात. ते कसे आहेत तुला माहीत आहे. शिंक आली तरी ती शास्त्रात कुठे बसते ते बघून मग शिंकतात. त्यांनी दवंडी ऐकली, हात धुतले आणि लग्न मोडलं. म्हणाले, "वहिनी, फार मोठा मान आहे. शुओचे सरकार आपले भाऊबंद निघाले." मला त्यांच्या डोक्यात पानांची टोपली घालावीशी वाटली.

दुसऱ्याच आठवड्यात हेंगच्या सरदाराचा माणूस हजर. म्हातारा आहे. बायका पुरल्या, दात गेले, आता कासवं पाळतो. भेट म्हणून कासवाची एक भलीमोठी पाठ पाठवली आहे. दिरांना ती फार आवडली. वर्ष पालटलं की लग्न.

लान रडत नाही, म्हणून मला जास्त भीती वाटते. रेशीमकिड्यांना पानं घालते आणि त्यांच्याशी बोलते. काल तिला म्हणताना ऐकलं, "खा बाबांनो, तुम्हाला कुणी कूळ विचारत नाही." ज्या घरात तिला कुणी हसवणार नाही त्या घरात मी तिला पाठवणार नाही.

तू घातलेला गोंधळ आहे. तू निस्तर.

आक्का


शुओ, आठवा महिना

ती. आक्कास,

मी तुझं पत्र वाचून खरंच खाली बसलो. खाली शाईचं भांडं होतं.

कुळाचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी इतक्या वरच्या पिढीत होतो की खालचं काही दिसत नव्हतं. आता निस्तरायचं म्हणतेस, पण लाकडावर असतं तर खरवडलं असतं. काशावर आहे. रात्रंदिवस विचार करून मला तीन उपाय सुचले. पहिला, लो घराण्याने जाहीर करावं की त्यांचा पणजोबा दत्तक होता. दुसरा, लानला आधी कुणीतरी दत्तक घ्यावं. तिसरा, मी आजारी पडावं. तिसरा अमलात आणला आहे.

धीर करून सरकारांकडे विषय काढला. म्हटलं, "महाराज, लेइ राजाच्या बाबतीत एक बारीकशी शंका..." ते मांस कापत होते. सुरी थांबली. मी म्हटलं, शंका फिटली.

पण लग्न मोडल्याचं त्यांना कळलं त्या संध्याकाळी एक नवल झालं. ते जेवले नाहीत. तबेल्यात जाऊन एका म्हाताऱ्या घोडीजवळ उभे राहिले. मी मागे गेलो. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुसऱ्यांदा." काय दुसऱ्यांदा, ते विचारायची छाती झाली नाही. मग म्हणाले, "मुलगा बापजाद्यांना वर चढवू शकतो, खाली उतरवू शकत नाही. तसं केलं तर लोक थुंकतील. उतरवायचंच तर माझ्याहून थोरल्याने उतरवावं. आणि माझ्याहून थोरला आता कोण राहिलाय?" अपमान झाल्यामुळे चिडले असणार.

च्यान तर नकलाही करत नाही. दरबारातले लोक घाबरले आहेत, की आता हा गंभीरपणे आपल्याकडे बघायला लागला.

त्यात हिवाळ्यातली मोठी पूजा जवळ आली. यंदा सरकारांच्या वडिलांना, थोरल्या मालकांना, जेवायला बोलवायचं आहे. त्यांच्या जागी बसायला नातू लागतो आणि ती पाळी च्यानवर आली. आजोबांचे कपडे घालून त्याने वरच्या आसनावर बसायचं, आजोबा म्हणून खायचं, प्यायचं, शेवटी आशीर्वाद द्यायचा. बापाने त्याच्या पाया पडायचं. तालमीत सरकार वाकले आणि च्यानला हसू फुटलं. पुजारी मला म्हणतो, तू त्याचा मामेसासरा होणार होतास, तूच समजाव. माझ्या नशिबी हेच उरलं आहे.

तुझा आजारी,
शू-काइ


लिन, पहिलं दव गोठलं

शू,

आजारपण पुरे. ऊठ.

तुझ्या सगळ्या मोळीत कामाच्या दोनच पट्ट्या निघाल्या, आणि त्या तू रडगाणं म्हणून लिहिल्या होत्यास. सरकार काय म्हणाले? माझ्याहून थोरल्याने उतरवावं. आणि हिवाळ्याच्या पूजेत वरच्या आसनावर कोण बसणार? जोपर्यंत ते कपडे अंगावर आहेत तोपर्यंत तिथे च्यान नाही, थोरले मालक आहेत. ते बोलले तर त्यांना गप्प कोण करणार? पुजारी? तू?

सोबतच्या पट्ट्यांवर थोरल्या मालकांनी काय बोलायचं ते लिहिलं आहे. च्यानला पाठ करायला लाव. तोंड नुसतं हलवायचं नाही. थोरले मालक बोलायच्या आधी जीभ टाळ्याला लावून टकटक करायचे, घोड्याला करतात तशी. टरबुजाच्या बिया चघळायचे आणि डाव्या बाजूला थुंकायचे. उजव्या बाजूला कधीच नाही, उजवीकडे गिऱ्हाईक असायचं. आणि शेवटी लिहिलेलं नाव जसंच्या तसं घ्यायचं.

मला हे कुठून ठाऊक ते विचारू नकोस. वाचून पट्ट्या खरवड. तुला ठेवायचा मोह होईल, म्हणून दोनदा सांगते. खरवड.

हेंगचा सरदार बर्फ वितळलं की स्वतः येतोय म्हणे, पालखीतून, कासवासकट.

आक्का


शुओ, बाराव्या महिन्याचा शेवट

ती. आक्कास,

मी जिवंत आहे हे आधी सांगतो, कारण पुढचं वाचताना तुला शंका येईल.

पूजेच्या दिवशी देऊळ माणसांनी भरलं होतं. तीन राज्यांचे वकील आले होते. समोर माझा हंडा, घासूनपुसून. वर लेइ राजाची पाटी. च्यान आजोबांचा जुना कातडी अंगरखा घालून आला आणि आसनावर बसला. सरकार वाकले. या वेळी च्यान हसला नाही.

पहिलं पान वाढलं. डुकराचं मांस, वरीचा भात, खारवलेली पानं. त्याने खाल्लं. राळ्याच्या दारूचा पेला आला, प्याला. दुसरा आला, प्याला. पुजारी रिवाजाप्रमाणे म्हणाला, "थोरले मालक तृप्त झाले का?" यावर नुसती मान हलवायची असते.

च्यानने जीभ टाळ्याला लावली. टक, टक, टक.

आक्का, सरकारांच्या हातातला पेला खाली पडला.

बाहीतून बिया काढून त्याने तोंडात टाकल्या आणि डावीकडे थुंकला. डावीकडे पुजारी होता. मग आवाज आला, घोगरा, बाजारात दिवसभर ओरडून बसलेला. "तृप्त कसला होतोय? माझ्या डोक्यावर हा कोण बसवलाय?"

पुजारी चाचरत म्हणाला, "हे... हे राजा लेइ. आपले मूळपुरुष."

"माझे? मला तर कधी भेटला नाही. काय करतो?"

"घोड्याला पहिला लगाम यांनी घातला."

थोरले मालक उठले, हो, मला आता च्यान म्हणवत नाही, उठले आणि हंड्याजवळ जाऊन वाकून त्यावरचं लेइ राजाचं चित्र बघितलं. "हा? याने लगाम उलटा घातलाय. घोडा याला पहिल्या ओढ्यात टाकील." एका वकिलाने बाही तोंडात कोंबली. "आणि हा खाली कोण? आणि त्याच्या खालचा? हे तर कुत्र्याचं नाव वाटतंय."

मी खांबामागे गेलो.

मग ते सरकारांच्या समोर येऊन उभे राहिले. सरकार जमिनीवर, कपाळ टेकलेलं.

"मी जन्मभर घोडे विकले. खोडी असली तर आधी खोडी सांगितली. आई कोण, बाप कोण, सगळं खरं सांगितलं. माझ्या घोड्याच्या बापाबद्दल कधी कुणी शंका घेतली नाही. आणि तू मलाच खोट्या बापाचा करून बाजारात उभा करतोस, बेडक्या?"

बेडक्या! सबंध शुओचा मालक, आणि त्याला भर देवळात बेडक्या! मी डोळे मिटले. आता मुंडकी उडणार, आणि पहिलं माझं.

सरकारांनी कपाळ उचललं नाही. खालूनच आवाज आला, लहान मुलाचा येतो तसा. "चुकलो, बाबा."

"मग काढ त्याला. भूक लागलीय मला, आणि तो माझ्या वाटणीचं खातोय."

लेइ राजाची पाटी सरकारांनी स्वतःच्या हाताने उतरवली. थोरले मालक परत आसनावर बसले, उरलेलं मांस संपवलं आणि मान हलवली. तृप्त.

बाहेर आल्यावर च्यानने अंगरखा उतरवला. सरकारांनी तो नीट घडी करून सेवकाकडे दिला आणि मग च्यानचा कान असा पिळला की तबेल्यातले घोडे उधळले. पिळता पिळता त्याला छातीशी धरलं. दोन्ही एकाच वेळी कसं जमतं ते बापालाच ठाऊक.

हंडा तबेल्यात गेला. त्यात आता घोड्यांचा दाणा शिजतो. माझं सगळ्यात सुंदर अक्षर, आक्का, आणि त्याखाली शेणी जळतात. वकिलांनी घरी जाऊन काय सांगितलं असेल याची मला काळजी होती, पण उलटंच झालं. म्हणतात, शुओमध्ये मेलेला बाप अजून मुलाचा कान पकडतो, त्या घराण्याला नावं ठेवू नयेत.

पण माझी झोप उडाली आहे. सरकारांनी मला एकट्याला बोलावलं. म्हणाले, "नकला च्यानच्या, मान्य. शब्द कुणी दिले, तेही मी विचारत नाही. पण ते नाव त्याला कुठून मिळालं? ते घेणारं आता जगात कुणी नाही." ते मलाही ठाऊक नाही. आक्का, खरं सांग. कुठून आणलंस?

तुझा,
शू-काइ


लिन, पहिला महिना, बर्फ वितळतंय

चि. शू-काइ यास अनेक आशीर्वाद.

तुझं हे पत्र मी खरवडलं नाही. लान ते उशाशी घेऊन झोपते. माझ्यासाठी नवीन बांबू तोडावा लागला, तेव्हा नीट वाच.

ते नाव ठाऊक असलेली माणसं तीन. एक वारला, एक राज्य करतो आणि तिसरी रेशीमकिडे सांभाळते.

तू तेव्हा पाळण्यात होतास. दर हिवाळ्यात एक घोडेवाला आपल्या विहिरीवर घोडे पाजायला थांबायचा. जीभ टकटक करायचा, बिया थुंकायचा. त्याच्याबरोबर त्याचा मुलगा असायचा, माझ्याएवढा. मुलगा आपल्या कुंपणामागे बसून बेडकासारखा ओरडायचा. बाबा म्हणायचे, "हिवाळ्यात कुठला मेला बेडूक?" आणि मी म्हणायचे, "बघून येते." दर वर्षी बघून यायचे. त्याच्या बापाला सगळं कळत होतं. लांबून हाका मारायचा, "बेडक्या, घोडे निघाले!"

एका वर्षी घोडेवाला विहिरीवर थांबला नाही. चांगले कपडे घालून, मुलाला घेऊन आणि बगलेत मागणीचा हंस घेऊन आपल्या दाराशी उभा राहिला. बाबांनी आत या म्हटलं नाही. उंबऱ्यातूनच विचारलं, "घराणं कोणतं?"

तो म्हणाला, "घोडेवाले."

बाबा हसले. म्हणाले, "घोड्यांचे आईबाप सांगता, स्वतःचे कोण?" घोडेवालाही हसला, हंस उचलला आणि गेला. मुलगा हसला नाही. मी पडद्यामागे होते. मला कुणी विचारलं नाही, मी बोलले नाही. पुढच्या हिवाळ्यात बेडूक ओरडला नाही.

आता कळलं, घराण्याचा ध्यास का? आणि तुला काय वाटलं, तुझ्या अक्षरासाठी तुला नेमलं? अरे खुळ्या, ज्याने दारातून हाकललं त्याच्याच मुलाच्या हातून त्याने स्वतःची वंशावळ लिहून घेतली! मी हे पहिल्याच पत्रात ओळखलं आणि पोट धरून हसले. मग थोडं रडलेही. लानला सांगितलं, डोळ्यांत धूर गेला.

आता कालची गोष्ट. शुओचा वकील मागणी घेऊन आला, बगलेत हंस. दिरांनी रिवाजाप्रमाणे त्याला बसवलं. मी पडद्यामागे, माझ्या नेहमीच्या जागी. त्याने लानचं कूळ विचारलं, दिरांनी सांगितलं. मग दिरांनी घसा साफ केला आणि विचारलं, "आपलं घराणं कोणतं?"

वकील उठून उभा राहिला. म्हणाला, "हे उत्तर पडद्यामागेही ऐकू जाईल असं द्यायची सरकारांची आज्ञा आहे." आणि मोठ्याने म्हणाला, "घोडेवाले."

दीर घोटाळले. "ते झालं. पण कूळ?"

"त्याच्या वरचं कुणाला ठाऊक नाही."

दिरांनी शास्त्र आठवलं. कूळ माहीत नसेल तर कौल लावावा. कौलाला कासवाची पाठ लागते. घरात एकच होती, हेंगच्या सरदाराची. तीच तापवली. कौलवाल्याने तड्याकडे पाहिलं, मग पडद्याखालून दिसणाऱ्या माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाला, शुभ आहे. सरदाराला निरोप गेला आहे. त्याने कासवाची पाठ परत मागितली आहे. देऊ, जोडून.

मग दीर पडद्याकडे वळले. शेवटचा शब्द आईचा असतो, तेवढं शास्त्र तेही पाळतात. म्हणाले, "वहिनी, घोडेवाले म्हणतायत. काय सांगू?"

इतकी वर्षं तो प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. हंस ओरडत होता आणि लान माझा पदर धरून उभी होती. पण आवाज निघाला, आणि चांगला मोठा निघाला.

मी म्हटलं, "चालेल."

आक्का